‘दहा वेळा, तीन फेऱ्या’ : व्यायामाच्या एका कागदाचे परीक्षण

मासिकांतून पुस्तकांची परीक्षणे येतात, पाठ्यपुस्तकांवर टीका येते. या वेळी आम्ही परीक्षणासाठी एक सुटा कागद घेतला आहे. फिजिओथेरपी, म्हणजे भौतिकोपचार, सुरू करणाऱ्या रुग्णाला पहिल्या-दुसऱ्या भेटीत व्यायामाचा जो कागद मिळतो, तो हा. बहुतेकांनी तो कोठे ना कोठे पाहिलेला असतो. वर दवाखान्याचे नाव. त्याखाली सहा-आठ रेषाचित्रे : पलंगावर उताणा झोपलेला, चेहरा नसलेला एक माणूस, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, सरळ उचललेला पाय, भिंतीवरून बोटांनी वर चढणारा हात. ज्या चित्रांवर पेनाने खूण केली असेल ते व्यायाम आपले. प्रत्येक चित्रासमोर ‘१० वेळा, ३ फेऱ्या, दिवसातून २ वेळा’ आणि तळाशी एक ओळ : ‘दुखल्यास थांबावे.’ झेरॉक्सची झेरॉक्स निघत आल्यामुळे चित्रे बरीच पुसट झालेली.

पनवेल आणि आसपासच्या गावांतल्या रुग्णांकडे असलेले असे काही कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. दवाखान्यांची नावे झाकली तर ते एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून ही टीका कोणा एका दवाखान्यावर नाही, या प्रकारच्या लेखनावर आहे. भौतिकोपचार हा आमचा व्यवसाय नव्हे. पण शास्त्रीय मजकूर काय सांगतो आणि काय गाळतो हे तपासणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि तुम्हा शिक्षकांचेही. शिवाय हा कागद म्हणजे एक पाठच आहे. शाळा सुटल्यानंतर अनेकांना स्वतःच्या शरीराबद्दल मिळणारा तो बहुधा एकमेव लेखी पाठ असतो.

हा पाठ कच्चा राहिला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवणाऱ्या माथाडी कामगाराला रोज दवाखान्यात येणे परवडत नाही. एका भेटीत अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. त्याचा बहुतेक उपचार घरी, एकट्याने, त्या कागदाच्या आधारे व्हायचा असतो. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की कागद फळीवर जातो आणि ‘व्यायाम करून पाहिला, काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष कायमचा निघतो. आखडलेला खांदा आखडलेलाच राहतो, आणि त्याचबरोबर उद्याची कमाईही.

आकडा आला कोठून?

‘दहा वेळा, तीन फेऱ्या’ हा आकडा कोणी सहज सुचला म्हणून लिहिलेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हे तरुण डॉक्टर काम करत होते. गुडघ्याला इजा होऊन मांडी बारीक झालेले सैनिक तेथे मोठ्या संख्येने होते. हलक्या ओझ्याने पुष्कळ वेळा हालचाल करून घ्यायची, अशी तेव्हाची रीत होती. डीलॉर्म यांनी स्वतः वजने उचलण्याचा व्यायाम केलेला होता. त्यांनी रीत उलटी केली : ओझे जास्त, आवर्तने कमी. त्यांचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ते एका बैठकीत दहा-दहाच्या सात ते दहा फेऱ्या करवून घेत. १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर लिहिताना त्यांनी सांगितले की एवढ्या फेऱ्यांची गरज नाही, तीन पुरतात.

पण दहा वेळा काय उचलायचे? डीलॉर्म यांच्या पद्धतीचा गाभा या प्रश्नात आहे. रुग्ण जे ओझे नीट दहा वेळा उचलू शकतो, पण अकराव्या वेळी उचलू शकत नाही, ते ओझे आधी शोधायचे. समजा एका बाईंच्या बाबतीत ते ४ किलो आले. मग पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, म्हणजे २ किलोने. दुसरी पाऊणपटीने, ३ किलोने. तिसरी पूर्ण ४ किलोने. काही दिवसांनी पुन्हा मोजायचे. आता त्या ४ किलो चौदा वेळा उचलत असतील तर हिशेब ५ किलोपासून नव्याने मांडायचा. ‘दहा’ हा रुग्णाच्या त्या दिवसाच्या ताकदीचा मापदंड होता. तो व्यक्तीगणिक आणि आठवड्यागणिक वेगळ्या ओझ्याशी जोडलेला होता.

आपल्या कागदावर आवर्तने राहिली, फेऱ्या राहिल्या. ओझे गेले आणि पुन्हा मोजणेही गेले. पहिल्या दिवशी जो व्यायाम जड जातो तोच तिसऱ्या आठवड्यात हलका वाटू लागतो. तरीही कागद सांगतो म्हणून रुग्ण दहा वेळाच पाय उचलत राहतो. स्नायूला सवयीपेक्षा थोडे जास्त काम पडले तरच तो बळकट होतो. सवयीइतकेच काम पडले तर तो आहे तसा राहतो. आज तज्ज्ञ दहा या आकड्यालाच चिकटून राहत नाहीत. आठ, बारा, पंधरा आवर्तनेही चालतात. मात्र फेरीच्या शेवटी स्नायू दमला पाहिजे, ही अट कायम आहे. कागदावर नेमकी तीच नाही.

दुसरे मौन काळाबद्दल आहे. किती दिवसांनी काय वाटेल, हे कागद सांगत नाही. मोरितानी आणि डीव्रीज या संशोधकांनी १९७९ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना आठ आठवडे एकाच हाताचा वजनी व्यायाम दिला. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढली, पण स्नायूचा घेर फारसा वाढला नाही. ही वाढ मुख्यतः चेतासंस्थेची होती : मेंदू आणि मज्जारज्जू त्या स्नायूतील अधिक तंतूंना एका वेळी कामाला लावायला शिकले होते. स्नायू जाड होण्याचा वाटा त्यानंतर वाढला. आणखी गंमत म्हणजे व्यायाम न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही काहीशी वाढली, तीही आकार न वाढता. एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्याचा व्यायाम करायला सांगतात, त्याला असा आधार आहे.

नव्या रुग्णासाठी याचा अर्थ सरळ आहे. पंधरा दिवसांनी मांडीला टेप लावून ‘तेवढीच आहे’ असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या काळात बदल आत, तारांच्या जोडणीत चाललेला असतो. तो दिसतो कामात : जिन्याची पहिली पायरी, खुर्चीतून उठणे, बादली उचलणे. ही एक ओळ कागदावर असती, तर कितीतरी जणांनी तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडला नसता, असे आम्हाला वाटते.

‘दुखल्यास थांबावे’

कागदावरचे हे एकच वाक्य इशारा म्हणून लिहिलेले आहे आणि तेच सर्वांत जास्त दिशाभूल करते. फिजिओथेरपी घेणाऱ्या माणसाला मुळात दुखतच असते. दुखले की थांबायचे, तर सुरुवात कधी करायची? काही जण पहिल्याच दिवशी थांबतात. काही उलट टोकाला जातात आणि दुखेल तितके चांगले असे मानून दात-ओठ खात सांधा वाकवतात.

वेदना ही खबर आहे, आणि खबर नीट वाचावी लागते. खबर येणेच बंद झाले तर काय होते, हे पनवेलकरांना वेगळे सांगायला नको. तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू बिघडतात आणि हातापायांची संवेदना जाते. बोटे रोगाने झडतात असाच समज पूर्वी होता. वेल्लोर येथे १९४८ पासून अशा हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की बोटांची हानी मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे होते. गरम पेला, खिळा, चपलेतला खडा, काहीच जाणवत नाही. जखम चिघळते, तरी हात काम करतच राहतो. म्हणून या रुग्णांना जाणिवेचे काम डोळ्यांकडून करून घ्यायला शिकवतात : रोज हातपाय पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, आखडणारी बोटे दुसऱ्या हाताने सरळ करणे. वेदना नसलेल्याला हे शिकवता येते, तर वेदना असलेल्याला तिचा अर्थ शिकवणे अवघड का असावे?

ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील. पहिला, व्यायामानंतरचा ठणका. नव्याने काम पडलेला स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर दुखल्यासारखा दुखतो आणि आपोआप शांत होतो. याला घाबरू नये. दुसरा, जुन्या दुखऱ्या सांध्याचा व्यायाम करताना होणारा त्रास. तो सोसवेल इतका असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर येत असेल, तर व्यायाम चालू ठेवायला हरकत नसते. सकाळी सांधा अधिक सुजलेला किंवा अधिक आखडलेला वाटला तर कालचा व्यायाम जास्त झाला. तो बंद न करता कमी करावा. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा हाड मोडलेल्यांनी मात्र आपली मर्यादा उपचारकाकडूनच ठरवून घ्यावी.

तिसरा प्रकार धोक्याचा. शस्त्रक्रियेनंतर किंवा प्लास्टरनंतर एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे. छातीत दुखणे किंवा धाप लागणे. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे. हातापायाची ताकद झपाट्याने कमी होणे. तापासह सांधा लाल व गरम होणे. यांपैकी काही झाले तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जायचे. ‘थांबावे’ हा शब्द खरे तर येथे शोभतो, आणि हीच यादी कागदावर नसते.

केव्हा काय करायचे, हेही महत्त्वाचे. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना नुकतीच कंबरदुखी सुरू झाली होती. एका गटाला दोन दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम आणि तिसऱ्याला सोसेल तसे नेहमीचे व्यवहार चालू ठेवायचा सल्ला दिला. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. अंथरूण धरणे तोट्याचे ठरलेच, पण पहिल्याच दिवशी ठरावीक व्यायाम देण्यानेही साध्या हिंडण्या-फिरण्यापेक्षा जास्त लाभ झाला नाही. जुनाट कंबरदुखीची गोष्ट वेगळी; तेथे व्यायामाचा उपयोग होतो. एकच कागद दोघांना देऊन भागत नाही तो यामुळे.

घेणे आणि शिकणे

भाषा किती काही सांगून जाते पाहा. मराठीत आपण औषध घेतो, शेक घेतो, इंजेक्शन घेतो आणि फिजिओथेरपीही घेतो. पोहणे मात्र कोणी घेत नाही, ते शिकतात. पनवेलचे नाव तर औषधांशी जुनेच जोडलेले आहे. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये येथे सुरू केलेल्या धूतपापेश्वरच्या औषधांच्या बाटल्या महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचल्या. उपचार म्हणजे बाटलीतून किंवा यंत्रातून आपल्या अंगात येणारी वस्तू, ही कल्पना आपल्या मनात खोल रुजली आहे.

म्हणूनच यंत्राचे आकर्षण. ‘मला शॉक लावला नाही, नुसता व्यायाम सांगितला’ ही रुग्णांची नेहमीची तक्रार. वस्तुस्थिती अशी की साध्या कंबरदुखीला अल्ट्रासाउंड आणि त्वचेवरून दिले जाणारे विजेचे उपचार देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनमधील ‘नाइस’ या अधिकृत मार्गदर्शक संस्थेने २०१६ मध्ये दिला. गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम हा उपचाराचा पाया आहे आणि विजेच्या उपचारांना पुरेसा पुरावा नाही, असे तिने २०२२ मध्ये म्हटले. यंत्रे कुचकामी आहेत असा याचा अर्थ नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुन्न झालेला मांडीचा स्नायू जागा करण्यासारख्या काही कामांना विजेचा उपयोग होतो. शेकाने बरे वाटते आणि व्यायामाआधी आखडलेपण सैल होते. त्याला घरची गरम पाण्याची पिशवी पुरते. फक्त मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी जपावे, चटका कळत नाही. मात्र भेटीची तीस मिनिटे यंत्राखाली पडून राहण्यात गेली आणि शिकवणे शेवटच्या दोन मिनिटांत कागद हाती देण्यावर आले, तर वेळेची वाटणी उलटी झाली.

चित्रातला माणूस कोठे राहतो?

आता चित्रांकडे वळू. त्यातला माणूस उंच पलंगावर झोपतो आणि खुर्चीवर बसतो. त्याच्या घरी मोकळी भिंत आहे. पनवेल तालुक्यातल्या अनेक घरांत माणसे जमिनीवर झोपतात, जमिनीवर जेवतात आणि उकिडवे बसणे रोज भाग असते. पावसाळ्यात भातलावणीला बायका दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभ्या असतात. मुंबईला नोकरीला जाणारा माणूस हार्बर लोकलमध्ये तासाहून अधिक वेळ, बरेचदा उभ्याने, एक हात कडीला धरून जातो. आखडलेल्या खांद्याच्या रुग्णाला भिंतीवर बोटे चढवायला सांगतात, ती अखेर या कडीपर्यंत हात पोहोचावा म्हणून. पण कागदात कडी नाही.

गुडघ्याच्या कागदावर ‘मांडी घालू नये, उकिडवे बसू नये’ असे लिहिलेले असते. काही रुग्णांना ते कायमचे, काहींना काही आठवड्यांपुरते लागू असते. कोणाला केव्हापर्यंत, ते लिहिलेले नसते. मग सत्तरीच्या आजी पंगतीला, भजनाला जाणेच सोडतात. जिन्याचेही तसेच. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना उतरताना तीन ते साडेतीन पट. साठ किलोच्या व्यक्तीला उतरताना सुमारे दोनशे किलो पेलावे लागतात. मांडीचा पुढचा स्नायू उतरताना ब्रेकसारखे काम करतो. तो दुबळा झाला की गुडघा लटपटतो आणि सांध्याला झटके बसतात. गुडघा दुखत असताना मांडीचा व्यायाम का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. शिवाय गुडघ्याला सूज असली की चेतासंस्थाच या स्नायूला आवर घालते; नुसते चालत राहून तो पूर्ववत होत नाही. दोन ओळींत लिहिता येईल असे हे कारण आम्ही पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हते.

रोजचे काम हेच उपचाराचे साध्य, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे. शिक्षकांना ते चांगले माहीत असेल. व्यवसायोपचारात विचारतात की या माणसाला उद्या काय करायचे आहे : भाकरी थापायची, लिहायचे, की करवत चालवायची? उपचार तेथून मागे आखत आणतात. हा प्रश्न भौतिकोपचाराच्या कागदावर सर्वांत वर छापायला हवा.

मोजमाप हरवले

त्याच केईएममध्ये, त्याच दशकाच्या सुरुवातीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्यामागे मुख्य निमित्त होते पोलिओचे. पोलिओवर औषध नव्हते. उरलेल्या स्नायूंना काम शिकवणे आणि आयांना घरी करायचे व्यायाम शिकवणे, एवढेच हाती होते. हा व्यवसाय आपल्याकडे अशा वॉर्डांत, शिकवण्याचे काम म्हणून वाढला. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ-रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आता दवाखान्यात येतात ते गुडघे, कंबर आणि पक्षाघाताचे रुग्ण, आणि पनवेलसारख्या महामार्गांच्या नाक्यावर अपघातग्रस्तही.

पोलिओच्या वॉर्डात मोजमापाला फार महत्त्व होते. प्रत्येक स्नायूला ० ते ५ असा दर्जा देत, आणि आजही देतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. १ म्हणजे नुसती फडफड. २ म्हणजे गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवले, उदाहरणार्थ हात टेबलावर आडवा सरकवला, तर हालचाल होते. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येतो. ४ म्हणजे वरून थोडा विरोध केला तरी उचलता येतो. ५ म्हणजे प्राकृत. यंत्र नाही, खर्च नाही. पृथ्वीचे आकर्षण हेच मापाचे साधन. बलाचा धडा शिकवताना वर्गात हे सांगून पाहा.

सांध्याच्या हालचालीचे मापही असेच सोपे. भौतिकोपचारक ज्या साधनाने कोन मोजतात ते म्हणजे कंपासपेटीतला कोनमापकच, दोन पट्ट्या जोडलेला. ‘खांदा ९० अंश वर जात होता, आता ११० जातो’ या वाक्यात जो धीर आहे तो ‘हळूहळू बरे होईल’ यात नाही. आम्ही पाहिलेल्या कागदांत आकडे लिहायला जागाच नव्हती. रुग्णाला स्वतःची प्रगती दिसत नाही आणि प्रगती होत नसेल तर तेही वेळेत कळत नाही. हा या कागदाचा आमच्या मते सर्वांत मोठा दोष आहे.

नव्या रुग्णाने काय करावे?

कागदाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो छोटा आहे, अक्षर न ओळखणाऱ्यालाही चित्रांवरून काही कळते आणि बाहेर वीस रुग्ण खोळंबले असताना उपचारकाच्या हाती दुसरे फारसे काही नसते. व्यायामांची निवडही बहुधा योग्य असते. उणे आहे ते स्पष्टीकरण, आणि ते रुग्ण विचारून मिळवू शकतो.

पहिल्या भेटीला जाताना जुने एक्स-रे, औषधांची चिठ्ठी आणि सैल कपडे असावेत. त्याहून महत्त्वाचे, आपल्याला कोणते काम पुन्हा करायचे आहे ते ठरवून जावे. समोरची व्यक्ती पात्र आहे का, हे विचारण्यात संकोच नको. राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचाराची परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी असते. मग पाच प्रश्न विचारावेत. माझे नेमके काय बिघडले आहे? हा व्यायाम कशासाठी? किती दुखले तर चालेल? सोपा वाटू लागला की पुढे काय? आणि किती दिवसांनी, काय मोजून, ठरवायचे? व्यायाम तेथेच करून दाखवावा आणि चुकला तर दुरुस्त करून घ्यावा. फळ्यावरचे उदाहरण समजले असे वाटणे आणि वहीत सोडवता येणे यांतला फरक शिक्षकांना ठाऊक आहे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवावी. खेळताना पडून कोपर दुखावले, प्लास्टर निघाले आणि हात सरळ होईना, की घरचे मालीश करणाऱ्याकडे नेतात. कोपराला जोरदार मालीश करणे किंवा दुसऱ्याने तो ओढून सरळ करणे घातक ठरू शकते. सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा अडकण्याचा धोका असतो. मुलाने स्वतःच्या बळावर, स्वतः हालवलेला हात हाच तेथे उपचार.

नवा कागद

पनवेल तालुक्यात, कामोठ्याला, भौतिकोपचाराचे पदवी शिक्षण देणारी संस्था आहे. तालुक्यात शाळाही भरपूर आहेत. उपचारकांना व्यायाम माहीत आहेत. तुम्हाला पाठ कसा लिहावा ते माहीत आहे आणि या घरांत माणसे कशी बसतात-उठतात तेही. दोघांनी मिळून हा कागद नव्याने लिहिता येईल. आमचा आराखडा असा : एका कागदावर तीनच व्यायाम. प्रत्येकाखाली ‘कशासाठी’ याची एक ओळ. चित्रात सतरंजी, जिना, लोकलची कडी. ओझ्याचा आणि ‘सोपे वाटल्यास पुढे काय’ याचा रकाना. दुखण्याचे तीन प्रकार, त्यांतला धोक्याचा चौकटीत. मागच्या बाजूला सहा आठवड्यांचा तक्ता.

त्या तक्त्यात भरायचे एक माप आठवी-नववीचे विद्यार्थी घरच्या मोठ्या माणसांसाठी घेऊ शकतात. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी. हात छातीशी घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. तोल जाणाऱ्यांच्या शेजारी कोणीतरी उभे राहावे, आणि छातीचा त्रास असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे करू नये. दर आठवड्याला, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी मोजून आकडा लिहावा आणि सहा आठवड्यांनी आलेख काढावा. आजीच्या गुडघ्याचा आलेख नातवाने काढला, तर पुढच्या भेटीत उपचारकासमोर ठेवायला आजीकडे तक्रारीबरोबर आकडेही असतील.